अमेरिकेतली देशभक्ती आता एकाच पक्षाच्या नावावर झाली आहे का?

शरयू_कोलंबस :

गॅलप ही जनमत पाहणी करणारी संस्था दर उन्हाळ्यात अमेरिकन लोकांना विचारते, की अमेरिकन असल्याचा तुम्हाला किती अभिमान वाटतो. २०२५ च्या पाहणीत 'अत्यंत' किंवा 'खूप' अभिमान वाटतो असं म्हणणारे ५८ टक्के निघाले. २००१ नंतरची काही वर्षं हाच आकडा नव्वदीच्या आसपास असायचा. पण मला जास्त लागलं ते पक्षवार आकडे बघून. रिपब्लिकन ९२ टक्के, डेमोक्रॅट ३६. देश एक, झेंडा एक, आणि मधे ५६ टक्क्यांची दरी.

हे रोजच्या जगण्यातही दिसतं. आमच्या भागात बारा महिने घराबाहेर झेंडा लावणारा माणूस कोणाला मत देतो, हे लोक न विचारताच ठरवून टाकतात. मी यंदा ४ जुलै होऊन गेल्यावरही पोर्चवरचा झेंडा उतरवला नाही, तर कॉलेजातली लेक म्हणाली, "आई, काढ तो. लोकांना वाटेल आपण ट्रम्पवाले." मला याचं मनापासून वाईट वाटलं. सगळ्यांचा झेंडा लावला म्हणून कपाळावर पक्षाचा शिक्का बसावा?

नागरिकत्वाची शपथ घेताना माझ्या तोंडून कुठल्याही अध्यक्षाचं नाव निघालं नव्हतं, पक्षाचं तर नाहीच. राज्यघटना आणि कायदे यांचं रक्षण करीन, असं मी म्हटलं होतं. माझ्या लेखी अमेरिकेवरचं प्रेम म्हणजे त्या घटनेशी इमान, आणि ते रिपब्लिकन-डेमोक्रॅट होण्याच्या आधी येतं. आजूबाजूला मात्र हा क्रम उलटलेला दिसतो. तुमचं काय मत? इथले नागरिक, ग्रीन कार्डवाले, भारतातून बघणारे, सगळ्यांनी लिहा.

टेक्सासवाला :

शरयूताई, मी रिपब्लिकन पक्षाला मत देतो आणि ते लपवत नाही, म्हणून स्पष्टच लिहितो. झेंडा कोणी पळवलेला नाही. काही लोकांना तो लावायचा संकोच वाटायला लागला, ते लावायचे थांबले, आणि जे लावत राहिले त्यांच्या नावावर तो झाला. तुम्ही ज्या पाहणीचे आकडे दिलेत तीच बघा. बायडन अध्यक्ष असतानाही रिपब्लिकनांचा आकडा ऐंशीच्या खाली गेला नव्हता. व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय यावर देशाचा अभिमान कमीजास्त व्हायला लागला, तर तो देशाचा अभिमान कसा?

आमच्याकडे शुक्रवारी रात्री हायस्कूल फुटबॉलचे सामने असतात. राष्ट्रगीत सुरू झालं की पॉपकॉर्न विकणारी पोरंसुद्धा हातातलं काम थांबवून उभी राहतात. गोरे, काळे, मेक्सिकन, आपण देशी, सगळे. त्या दोन मिनिटांत मला या देशाने आपलं म्हटलंय असं वाटतं. २०१६ मध्ये फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताला उभा राहिला नाही आणि अर्ध्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं, तेव्हापासून त्या बाजूवरून माझं मन उडालं.

जुई_सिएटल :

@टेक्सासवाला, कॅपर्निकची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो आधी बाकावर बसून राहिला होता. नेट बॉयर हा लष्कराच्या विशेष दलातला माजी सैनिक, स्वतःही फुटबॉल खेळलेला. त्याला ते खटकलं आणि त्याने कॅपर्निकला जाहीर पत्र लिहिलं. मग दोघे भेटले. बसून राहण्यापेक्षा गुडघा टेक, हे बॉयरने सुचवलं, कारण सैनिक गेलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे गुडघा टेकतात. पोलिसांच्या हातून मरणाऱ्या काळ्या माणसांबद्दल बोलायचं आणि झेंड्याचा मानही राखायचा, म्हणून दोघांनी मिळून काढलेली ती वाट होती. तुम्हाला पटली नाही तरी तिला देशद्रोह म्हणू नका.

आणि झेंड्याच्या मानाचाच प्रश्न असेल तर ६ जानेवारी २०२१ बद्दलही बोला. त्या दिवशी ट्रम्प समर्थकांच्या जमावाने कॅपिटलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, पायऱ्यांवर झेंड्याच्या काठीने पोलिसांना मारलं. त्याच रात्री, काचा फुटलेल्या असताना, काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) १४७ रिपब्लिकन सदस्यांनी ट्रम्प हरलेल्या निवडणुकीच्या निकालावर हरकतीची मतं नोंदवली. २० जानेवारी २०२५ ला त्यातल्या सुमारे दीड हजार आरोपींना ट्रम्प यांच्याकडून माफी किंवा शिक्षेत सूट मिळाली. त्या काठ्या खाणारे पोलीस कोणाच्या अभिमानात बसतात?

टेक्सासवाला :

पोलिसांवर हात टाकणाऱ्याला माफी मिळू नये, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. बॉयरबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तरी माझं मत तेच. सगळे ज्या क्षणी एकत्र उभे राहतात तो क्षण निषेधासाठी वापरू नये.

मध्यमा :

सुरुवातीलाच दोन्हीकडून मुद्द्याचं वाचायला मिळालं. असंच चालू द्या. चहा टाकते आणि बसते.

केशव_मास्तर :

मी पुण्यात बसून लिहितोय, पण आयुष्यभर इतिहास शिकवला त्यामुळे राहवत नाही. 'सगळ्यांनी उभं राहायचं' हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन गेलाय, आणि तोही ऐन महायुद्धात.

शाळाशाळांत म्हणतात ती झेंड्याची प्रतिज्ञा १८९२ ची. लिहिणारे फ्रान्सिस बेलामी हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक आणि विचाराने समाजवादी. (हे ऐकून दोन्ही पक्षांना थोडं नवल वाटेल.) 'ईश्वराच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द त्यात आले १९५४ मध्ये, आयझेनहॉवर यांच्या काळात, शीतयुद्ध चालू असताना. म्हणजे जी गोष्ट सनातन वाटते तीसुद्धा वेळोवेळी घडवलेली आहे.

यहोवाज विटनेसेस या पंथाची मुलं झेंड्याला वंदन करत नाहीत. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती मूर्तिपूजा होते. १९४० मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला, की शाळा सक्ती करू शकते. त्यानंतर काय झालं? ठिकठिकाणी जमावांनी या पंथाच्या लोकांना मारहाण केली, त्यांच्या सभागृहांवर हल्ले झाले, मुलांना शाळेतून काढलं. तीनच वर्षांत वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयाने तो निकाल ६ विरुद्ध ३ असा फिरवला. तारीख होती १४ जून १९४३, म्हणजे त्यांचा ध्वजदिन. देशाचे लाखो सैनिक परदेशात लढत होते, आणि न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन लिहीत होते की राजकारणात, राष्ट्रप्रेमात, धर्मात काय मानायचं हे ठरवून देण्याचा अधिकार लहानमोठ्या कुठल्याही अधिकाऱ्याला नाही.

जपान आणि जर्मनीशी युद्ध चालू असताना एखादं राष्ट्र आपल्याच शाळकरी पोरांना 'तुम्ही वंदन नाही केलंत तरी चालेल' असं सांगतं, हे वर्गात शिकवताना दर वेळी माझा आवाज भरून यायचा. मला अमेरिका आवडते ती यासाठी.

गोदाकाठ :

मास्तर, उत्तम प्रतिसाद. मी नाशिकला वकिली करतो, पुढची कडी जोडतो.

१९८४ मध्ये डॅलसला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू असताना ग्रेगरी ली जॉन्सन याने बाहेर झेंडा जाळला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला, की हेही अभिव्यक्तीच आहे, शिक्षा करता येणार नाही. या पाच जणांत अँटोनिन स्कालिया होते, उजव्या विचारांचे सगळ्यात ठाम न्यायमूर्ती. ते पुढे भाषणांत सांगायचे, की माझ्या हातात असतं तर झेंडा जाळणाऱ्याला तुरुंगात टाकलं असतं, पण मी राजा नाही. न्यायाधीशाने आपला संताप गिळून घटना वाचावी, तशी त्यांनी वाचली. काँग्रेसने लगेच नवा कायदा केला, तो १९९० मध्ये न्यायालयाने रद्द केला. २००६ मध्ये थेट घटनादुरुस्तीच आणली, ती सिनेटमध्ये एका मताने पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी झेंडा जाळणाऱ्यांवर खटले भरण्याबद्दल नवा आदेश काढलाय, म्हणजे वाद संपलेला नाही.

स्कालिया यांचं त्या खटल्यातलं मत मला पक्षापलीकडच्या देशभक्तीचा नमुना वाटतो.

चिंगी :

अवांतर: अमेरिकेच्या ध्वजसंहितेत लिहिलंय की झेंडा कागदी रुमालावर छापू नये. ४ जुलैच्या पिकनिकला आमच्याकडे त्याच रुमालांनी मोहरीचा सॉस पुसतात, आणि तिथे दोन्ही पक्षांचे लोक असतात! या एका बाबतीत पक्कं एकमत आहे.

मध्यमा :

चिंगी :))

वैदर्भी_एडिसन :

हसून झालं असेल तर एक जड गोष्ट लिहिते. इथे मोठमोठे खटले आले, पण झेंडा भीतीनेही लावला जातो हे कोणी लिहिलं नाही.

सप्टेंबर २००१. आम्ही नुकतेच न्यू जर्सीत आलो होतो. हल्ल्यानंतर ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांच्या काचांवर झेंडे लागले. साडीचं दुकान, मिठाईचं दुकान, टॅक्सी, सगळीकडे. दुःख खरंच होतं, आमच्या ओळखीतल्या घरातही माणूस गेला होता. पण त्या झेंड्यांमागे 'आम्हाला मारू नका' हेही होतं. १५ सप्टेंबरला ॲरिझोनात, मेसा गावी, बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या. पगडी बघून. ते पंपापुढे फुलझाडं लावत होते. मारणारा स्वतःला देशभक्त म्हणवत होता.

आमच्या शेजारच्या सरदारजींनी त्या आठवड्यात गाडीला दोन्ही बाजूंनी झेंडे लावले आणि मुलाला पगडी घालून शाळेत पाठवू की नको, यावर रात्रभर घरात बोलणं चाललं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. ती माउली पोळपाटावर लाटणं तसंच धरून उभी होती, पोळी लाटायची विसरून.

२०१७ मध्ये कॅन्ससला ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला यांना 'माझ्या देशातून निघून जा' असं ओरडून मारलं, तेव्हा मला तीच रात्र आठवली. गोळी घालणाऱ्याने ना मतदार यादी बघितली ना पासपोर्ट. म्हणून जेव्हा कोणी 'खरा अमेरिकन' असं म्हणतं, मग ते कुठल्याही पक्षाचं असो, मी सावध होते.

टेक्सासवाला :

वैदर्भीताई, वाचून काही वेळ काही सुचलं नाही. ओलेथबद्दल एक भर घालतो, कारण ती आमच्याकडची आहे. त्या बारमध्ये इयान ग्रिलट नावाचा तरुण होता. तो गोळीबार करणाऱ्याला अडवायला धावला आणि स्वतः गोळी लागून जबर जखमी झाला. पुढे ह्यूस्टनच्या इंडिया हाउसने त्याचा सत्कार केला आणि घर घेण्यासाठी त्याला एक लाख डॉलर दिले. मी त्यात खारीचा वाटा उचलला होता. तो कोणाला मत देतो हे आम्ही विचारलं नाही, तेव्हा कोणाला ते सुचलंही नाही. माझ्या मनातली अमेरिका तीच आहे.

वैदर्भी_एडिसन :

हे वाचून बरं वाटलं. मनापासून आभार.

गोदाकाठ :

'खरा अमेरिकन कोण' हे एकदा आपल्याच माणसावरून ठरलंय. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, अंगावर गणवेश असताना त्यांना नागरिकत्व मिळालं. ते काढून घेतलं, पुन्हा मिळालं, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदी माणूस 'गोरा' नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. बाकीच्या किती तरी हिंदी लोकांचं नागरिकत्व या निकालाने गेलं. थिंद यांना अखेर १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी केलेल्या कायद्याखाली मिळालं. सर्वसाधारण हिंदी माणसाला ते दार उघडलं १९४६ मध्ये, वर्षाला शंभर जणांचा कोटा ठेवून. ज्याने गणवेश चढवला त्याची देशभक्ती कागदाला पुरली नाही.

सत्यशोधक_नगर :

चांगली चर्चा. एक जोड आपल्याकडची, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. पुण्यात बसून जोतीरावांनी अमेरिकेतली नेमकी कोणती माणसं निवडली ते बघा. त्या माणसांना त्यांच्या काळात त्यांच्याच देशात काय म्हणत होते? फुटीर, माथेफिरू, देश तोडणारे. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी ४ जुलै १८५४ ला मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅमला भर सभेत राज्यघटनेची प्रत जाळली होती, कारण त्या घटनेने गुलामगिरीला थारा दिला होता. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस १८५२ मध्ये रॉचेस्टरला स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाला बोलावले गेले आणि त्यांनी विचारलं, की गुलामाला तुमच्या या ४ जुलैचं काय? पण त्याच भाषणात ते घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हणतात, आणि तिच्याच आधाराने हक्क मागतात.

गॅरिसन आणि डग्लस यांचं घटनेवरून जाहीर भांडण होतं. एक जाळणारा, एक तिचाच आधार घेणारा. तरी दोघांना आज अमेरिका आपले थोर पुरुष मानते. शरयूताई, म्हणून 'घटनेशी इमान' हे तुमचं माप मला अपुरं वाटतं. घटना चुकीची असेल तर? १८५४ मध्ये घटनेशी इमान राखणारा अधिकारी पळालेला गुलाम पकडून मालकाच्या हवाली करत होता.

शरयू_कोलंबस :

@सत्यशोधक_नगर, प्रश्न खणखणीत आहे. माझं उत्तर असं, की घटनेत दुरुस्तीची वाटही आहे, आणि यादवी युद्धानंतरच्या १३, १४, १५ व्या दुरुस्त्या त्या वाटेने आल्या. सहा लाखांवर माणसं मेल्यावर आल्या, हे खरं. पण आज गोदाकाठ यांचा थिंद आला असता तर १४ व्या दुरुस्तीने त्याच्या इथे जन्मलेल्या मुलांना तरी राखलं असतं. म्हणून त्या दुरुस्तीतल्या जन्मसिद्ध नागरिकत्वाला ट्रम्प यांच्या जानेवारी २०२५ च्या आदेशाने हात घातला तेव्हा मला झोप लागली नाही.

मडगावकर :

हे सगळं आपल्याकडेही चालूच की. आमच्याकडे बघा, सकाळी एका पक्षात, संध्याकाळी दुसऱ्या...

संपादक :

मडगावकर, इथे थांबा. भारतातल्या पक्षांवर घसरलेला धागा कुठे जातो हे सगळ्यांना माहीत आहे. विषय अमेरिकेपुरता ठेवूया. याखालचे तीन प्रतिसाद काढले आहेत.

अभि_मिशिगन :

लोक 'फूट, फूट' म्हणतात पण ती पडली कशी हे बघितल्याशिवाय उपाय सापडणार नाही. लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट, हेसुद्धा २००० च्या निवडणुकीनंतर रूढ झालंय. त्याआधी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग द्यायच्या.

१९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी झाला. बाजूने २७ रिपब्लिकन आणि ४६ डेमोक्रॅट, विरोधात २१ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. आज असं मतदान कल्पनेतही येत नाही. तेव्हा प्रत्येक पक्षात दोन-दोन पक्ष होते. दक्षिणेतले डेमोक्रॅट वर्णभेदाचे कट्टर समर्थक, ईशान्येतले रिपब्लिकन उदारमतवादी. या कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन झाले, उदारमतवादी रिपब्लिकन संपत गेले, आणि दोन्ही पक्ष आतून एकजिनसी झाले. पूर्वी माझ्या चर्चमधला, माझ्या कारखान्यातला माणूस दुसऱ्या पक्षाचा असायचा. आता धर्म, शिक्षण, शहर-खेडं, वंश, सगळं एकाच रेषेवर तुटतं. मग विरोधक परका वाटायला कितीसा वेळ लागतो?

त्यात मतदारसंघ असे आखलेले, की खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक फेरीतच. तिथे मोजके कट्टर लोक मतदान करतात. समोरच्या पक्षाशी हात मिळवणाऱ्याला तिथेच पाडतात. नेते वाईट आहेत एवढं म्हणून भागत नाही, त्यांना तडजोडीची शिक्षा मिळते.

जाता जाता, आमच्या डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले. बेळगावहून डेट्रॉइटला येऊन काँग्रेसमध्ये बसता येतं, हे याच देशात झालं. ते कुठल्या पक्षाचे हे बाजूला ठेवून मला याचा आनंद आहे.

जुई_सिएटल :

अभि, फार नेमकं. पण फक्त रचनेला दोष दिला तर माणसं सुटतात. १० ऑक्टोबर २००८ ला मिनेसोटात लेकव्हिलच्या सभेत एक बाई रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांना म्हणाल्या, की ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेननी त्यांच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं, की नाही, ते सभ्य कुटुंबवत्सल माणूस आहेत, नागरिक आहेत, आमचे मतभेद आहेत इतकंच. स्वतःच्याच सभेत, मागे पडलेले असताना, स्वतःच्याच लोकांची नाराजी ओढवून. (अरब माणूसही सभ्य असू शकतो, हे त्यांनी म्हणायला हवं होतं, ही माझी तक्रार आजही आहे.) रचना तीच होती, त्यांनी वेगळं वागून दाखवलं.

टेक्सासवाला :

मॅकेनना मी मत दिलं होतं. आणि रिपब्लिकनच हवेत तर जॉर्जिया राज्यात तेव्हा निवडणुकांचं काम सांभाळणारे ब्रॅड रॅफेन्सपर्गरही घ्या. २ जानेवारी २०२१ ला खुद्द अध्यक्षांनी फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं, आणि त्यांनी नाही म्हटलं. त्यांनी स्वतः ट्रम्पनाच मत दिलं होतं. आमच्या पक्षात अशी माणसं आहेत.

सातारकरीण :

माझा भाचा अमेरिकेच्या नौदलात आहे. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं, त्या पट्ट्यात घरटी सैनिक, तेव्हा तो भरती झाला याचं माझ्या वडिलांना कौतुक वाटलं. फक्त 'दुसऱ्या देशाच्या सैन्यात?' असं एकदा विचारलं. भाचा म्हणाला, "आजोबा, माझा जन्म तिथला, दुसरा देश कुठला?" आजोबा गप्प झाले, मग म्हणाले, "मग नीट कर."

त्याच्याकडून कळलेली एक गोष्ट सांगते. साध्या सैनिकाच्या शपथेत घटनेचं रक्षण आधी येतं, आणि मग अध्यक्षांचे व वरिष्ठांचे आदेश नियमाप्रमाणे पाळीन असं येतं. अधिकाऱ्यांच्या शपथेत अध्यक्षांचा उल्लेखच नाही, फक्त राज्यघटना. आणि गणवेशात कुठल्याही पक्षाच्या सभेला जायला मनाई आहे.

राघव_बॉस्टन :

सगळे जुने किस्से काढून एकमेकांना बरं वाटून घेताय. २०२५ च्या जूनमध्ये मिनेसोटात मेलिसा हॉर्टमन या डेमोक्रॅट आमदाराला आणि त्यांच्या नवऱ्याला घरात शिरून मारलं. त्याच सप्टेंबरमध्ये युटात उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांना भर सभेत गोळी घातली. त्याआधी २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियात बटलरला ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. आणि प्रत्येक वेळी माझ्या फोनवर पहिला प्रश्न काय, तर मारणारा कोणत्या बाजूचा. माणूस मेल्याचं दुःख नंतर, ते दुसऱ्या बाजूचं असेल तर तेही नाही. माझ्या ऑफिसातल्या, शिकलेल्या, मुलाबाळांच्या माणसांना मी यावर खुश झालेलं बघितलंय. अशा वेळी ध्वजसंहिता आणि शपथा घेऊन काय करायचं?

मध्यमा :

राघव, खुश होणारे मीही बघितले, दोन्ही वेळेला. यावर लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत.

अभि_मिशिगन :

राघव, तुमचा संताप रास्त आहे. २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला रिपब्लिकन खासदार बेसबॉलचा सराव करत असताना गोळीबार झाला, त्यांच्यातले स्टीव्ह स्कलीस मरता मरता वाचले. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांचा वार्षिक सामना ठरल्याप्रमाणे झाला, आणि सुरू होण्याआधी दोन्ही संघांनी मैदानावर एकत्र गुडघे टेकून प्रार्थना केली. त्या सामन्याची परंपरा १९०९ पासूनची. पुरेसं नाही हे मलाही कळतं. पण २०२५ च्या घटनांनंतर तेवढंही झालेलं मला दिसलं नाही.

नलिनीकाकू :

मी फार लिहीत नाही, पण शरयूने विचारलं आणि ती माझ्याच राज्यातली, म्हणून लिहिते. निवृत्त झाल्यापासून मी ओहायोत मतदान केंद्रावर काम करते. राघव म्हणतोय तसं फोनमध्ये सगळं जळताना दिसतं. मी त्या दिवशी काय बघते ते सांगते.

आमच्याकडे मतदान सकाळी साडेसहाला सुरू होतं, आम्ही तासभर आधी अंधारात पोचतो. केंद्रावर एकाच पक्षाचे निम्म्याहून जास्त कर्मचारी ठेवता येत नाहीत. माझ्या शेजारी बसते ती शेतकरी घरातली रिपब्लिकन बाई, मी डेमोक्रॅट. प्रत्येक काउंटीच्या निवडणूक मंडळावर दोन सदस्य त्यांचे, दोन यांचे. मतपत्रिका ठेवतात त्या खोलीला दोन कुलपं. एकाची किल्ली रिपब्लिकन कर्मचाऱ्याकडे, दुसऱ्याची डेमोक्रॅट कर्मचाऱ्याकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडतच नाही. रात्री साडेसातला मतदान संपलं की मोजदाद, सह्या, सील, आणि मग वेगवेगळ्या पक्षांची दोन माणसं मिळून सगळं साहित्य मुख्य कार्यालयात पोचवतात. एकमेकांवर विश्वास आहे म्हणून नव्हे. विश्वास नसला तरी काम चोख व्हावं म्हणून हे सगळं बांधलंय, आणि हे करता करता विश्वास बसतो. गेल्या वेळी माझा गुडघा दुखत होता, तर त्या बाईने मला उठूच दिलं नाही, रांगेतल्या म्हाताऱ्यांना हात द्यायला सगळ्या फेऱ्या तिने मारल्या. तिचं मत कुणाला ते मला माहीत आहे, माझं तिला.

आणि शरयू, झेंड्याबद्दल. केंद्र उघडायच्या आधी आमच्यातलं कोणीतरी दोन छोटे झेंडे घेऊन बाहेर जातं. साधारण पंधरा इंच लांबीचे, काडीवरचे. दारापासून शंभर फुटांवर, येण्याच्या वाटेवर ते रोवायचे. ओहायोच्या कायद्यातच तसं आहे. त्या झेंड्यांच्या आत प्रचार चालत नाही. पक्षाची टोपी, बिल्ला, टी-शर्ट, काही नाही. २०२४ मध्ये एक तरुण ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी घालून आला, दुसरी मुलगी हॅरिस यांच्या नावाचा टी-शर्ट घालून आली. त्याने टोपी काढून खिशात कोंबली, तिने वर जॅकेट चढवलं. दोघं एकाच रांगेत उभी राहिली.

जुई_सिएटल :

काकू, हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे मतदान टपालाने होतं, हे असं काही दिसत नाही.

चिंगी :

ती दोन कुलपांची पद्धत आमच्या हाउसिंग सोसायटीच्या तिजोरीला लावा अशी सूचना मी पुढच्या सभेत मांडणार आहे. काकूंना साष्टांग.

केशव_मास्तर :

काकू, ६ जानेवारी म्हणजे अध्यक्षपदाची मतं काँग्रेसमध्ये मोजायचा दिवस. त्याची आणखी एक बाजू तुमच्या या कामाला लागून येते. २००१ मध्ये त्याच तारखेला उपाध्यक्ष अल गोर यांनी सिनेटचे अध्यक्ष या नात्याने स्वतःचा पराभव जाहीर केला होता, फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी झालेला. २०२५ मध्ये कमला हॅरिस यांनीही तेच केलं. आणि २०२१ मध्ये ट्रम्प यांचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी, बाहेर त्यांच्या नावाने फाशीच्या घोषणा झाल्यावर, रात्री परत येऊन मोजणी पूर्ण केली.

राघव_बॉस्टन :

काकू, माझा राग गेलेला नाही. पण एक विचारतो. हे काम करायचं असेल तर काय लागतं? ओहायोबाहेर?

नलिनीकाकू :

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. तुझ्या शहराच्या निवडणूक कार्यालयाला फोन कर. बहुतेक ठिकाणी नोंदणीकृत मतदार असावं लागतं, म्हणजे नागरिक. प्रशिक्षण काही तासांचं असतं, थोडं मानधन मिळतं. दिवस मात्र लांब, चपला मऊ घाल आणि डबा ने. आमच्याकडे १७ वर्षांच्या, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनाही घेतात.

शरयू_कोलंबस :

काकू, आपण एकाच काउंटीत असू तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. सत्यशोधक यांच्या प्रश्नावर मी अजून विचार करतेय, दुरुस्तीची वाट फार उशिरा आणि फार रक्त सांडून उघडली हे नाकारता येत नाही. टेक्सासवाला, तुमच्याशी माफीच्या मुद्द्यावर अजून बोलायचंय. ते मत तुम्ही इथे लिहिलंत, तसं तुमच्या खासदाराला कळवलंत का?

टेक्सासवाला :

फेब्रुवारीत कळवलं होतं, कार्यालयाला फोन करून. छापील उत्तर आलं. परत फोन करतो.